गृहकर्जाच्या कामात टिकायचे असेल तर: आधी फाइल, मग मार्गदर्शक, मग ओळखी

गृहकर्जाच्या कामाला लागलेला नवा माणूस बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात ओळखी वाढवायला बाहेर पडतो. कार्डे वाटतो, ‘काम असेल तर सांगा’ म्हणतो, आणि एखादी फाइल मिळवतोही. ती फाइल अपुऱ्या कागदांमुळे तीन आठवडे अडकते. घर विकणाऱ्याने दिलेली मुदत संपते, ग्राहक चिडतो आणि ज्याने ग्राहक पाठवला तो तोंडघशी पडतो. त्या माणसाकडून पुन्हा फाइल येत नाही. मेहनतीत काही कमी नव्हते, क्रम उलटा होता. खाली दिलेला क्रम जसा आहे तसा पाळा. एखादा टप्पा गाळलात तर त्याची किंमत दोन-तीन वर्षांनी मोजावी लागते, आणि तोवर नेमके कुठे चुकले तेही आठवत नाही.

टप्पा 1: पहिले तीन महिने जुन्या फाइल वाचा

वरिष्ठांची रीतसर परवानगी घ्या आणि कार्यालयातच बसून तीस जुन्या फाइल वाचा: दहा मंजूर झालेल्या, दहा नाकारलेल्या आणि दहा अशा, ज्यांचे हप्ते पुढे थकले. बहुतेक जण फक्त मंजूर फाइल पाहतात. त्यातून कागदांची यादी पाठ होते, पण पारख येत नाही. पारख येते ती थकलेल्या फाइलमधून.

वाचण्याची पद्धत अशी. क्रेडिट विभागाचा, म्हणजे कर्ज द्यायचे की नाही ते ठरवणाऱ्यांचा, शेरा आधी उघडू नका. एका पानावर सहा गोष्टी लिहा: उत्पन्न आणि त्याचा पुरावा, चालू हप्ते, स्वतःची रक्कम कुठून आली, मालकी हक्काची साखळी (घर कोणाकडून कोणाकडे आले), मूल्यांकन, आणि घर राहायला घेतले की गुंतवणुकीला. त्याखाली स्वतःचा निर्णय लिहा, मग शेरा उघडा. जिथे तुमचा निर्णय आणि शेरा जुळत नाही, तिथेच तुमचा धडा आहे. त्या पानावर खूण करून ठेवा, टप्पा 4 मध्ये ते लागेल.

बँक स्टेटमेंटवर सर्वात जास्त वेळ द्या. किमान बारा महिन्यांचे घ्या आणि चार फेऱ्यांत वाचा. पहिल्या फेरीत पगार किंवा धंद्याची आवक कोणत्या तारखांना जमा होते ते पाहा. पगार सात तारखेला आणि जुना हप्ता पाच तारखेला असेल, तर तो हप्ता अधूनमधून परत जाण्याचीच, म्हणजे खात्यातून न वळता होण्याचीच, शक्यता जास्त. अशा माणसाची नियत ठीक असते, तारखा चुकलेल्या असतात. दुसऱ्या फेरीत परत गेलेले हप्ते आणि त्यावरचे दंड शोधा. तिसऱ्या फेरीत अर्जाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत अचानक जमा झालेल्या मोठ्या रकमा शोधा. ‘स्वतःची बचत’ म्हणून दाखवलेली रक्कम कित्येकदा उसनी असते, आणि उसने परत करायचे म्हटले की गृहकर्जाचा हप्ता ओढाताणीत जातो. चौथ्या फेरीत फक्त गणित करा: आधीची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च, बरोबर पुढची शिल्लक. कुठल्याही पानावरच्या दहा ओळी घेऊन हे ताडून पाहा. फेरफार करणारा माणूस जमा रक्कम बदलतो, पण पुढची प्रत्येक शिल्लक बदलायला बऱ्याचदा विसरतो.

सावधान: ग्राहकांचे कागद घरी नेऊ नका, स्वतःच्या फोनमध्ये त्यांचे फोटो काढू नका. टिपणात नाव न लिहिता ‘फाइल 14’ असे लिहा.

टप्पा 2: तीन आकडेमोडी हाताने यायला हव्यात

ॲप आकडा देते, पण तो आकडा का आला हे ग्राहकाला तुम्हालाच सांगावे लागते. तीन हिशेब कागदावर करता येईपर्यंत ग्राहकासमोर बसू नका.

पहिला, हप्ता. एक लाख कर्ज, वार्षिक 9 टक्के व्याज, 20 वर्षे मुदत असेल तर मासिक हप्ता साधारण 900 येतो. पहिल्या हप्त्यात 750 व्याजाचे आणि जेमतेम 150 मुद्दलाचे. पाच वर्षांत सुमारे 54,000 भरून झाल्यावरही साधारण 88,700 मुद्दल शिल्लक असते. हे आधी न सांगितलेला ग्राहक पाचव्या वर्षी शिल्लक रक्कम पाहून ‘मला फसवले’ म्हणतो, आणि त्याला समजावायला तेव्हा तुमच्याकडे काही उरत नाही.

याच कर्जाचा दर बदलता असेल तर दुसरी बाजूही करून दाखवा. सुरुवातीलाच दर 10 टक्के झाला आणि हप्ता 900 च्या आसपासच ठेवला, तर मुदत 240 महिन्यांवरून सुमारे 314 महिन्यांवर जाते, म्हणजे सहा वर्षांहून अधिक वाढ. मुदत तीच ठेवायची तर हप्ता सुमारे 965 होतो. आणि दर 11 टक्के झाला तर महिन्याचे नुसते व्याजच 917 होते. 900 च्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही, मग कर्ज फिटायचे कसे? हा एक हिशेब ग्राहकासमोर कागदावर मांडलात, की बदलता दर म्हणजे काय ते निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा, ऐपत. समजा हातात येणारे उत्पन्न 60,000, सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या किती टक्के चालतील याची कर्ज देणाऱ्या संस्थेची मर्यादा 45 टक्के आणि चालू हप्ते 9,000. मर्यादेत 27,000 बसतात. त्यातून 9,000 वजा केले की नव्या हप्त्याला 18,000 उरतात. वरच्या दराने आणि मुदतीने साधारण 20 लाखांचे कर्ज बसते. 9,000 चे ते जुने कर्ज आधी फेडले तर ऐपत आणखी 10 लाखांनी वाढते. मर्यादेची टक्केवारी संस्थेगणिक बदलते, तेव्हा ती तुमच्या संस्थेच्या चालू धोरणातून घ्या. सहकाऱ्याच्या तोंडचा आकडा धरू नका.

तिसरा, तारणाचे प्रमाण. घराची ठरलेली किंमत 50 लाख, मूल्यांकन आले 46 लाख, आणि संस्था 80 टक्के देते. हिशेब दोन्हींतल्या कमी आकड्यावर होतो, म्हणजे 36 लाख 80 हजार. ग्राहकाने मनाशी 40 लाख धरलेले असतात. त्याला स्वतःचे 10 लाख नव्हे, 13 लाख 20 हजार उभे करावे लागतात. शेवटच्या आठवड्यात मोडणारे बरेच व्यवहार याच फरकावर मोडतात.

तपासा: हे तिन्ही हिशेब एखाद्या अनोळखी माणसाला दहा मिनिटांत, एकही इंग्रजी संज्ञा न वापरता सांगता येतात का? येत नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा 3: मार्गदर्शक निवडा, पण धंद्याच्या आकड्यावरून नव्हे

सर्वात जास्त धंदा आणणाऱ्याच्या मागे लागणे ही इथली नेहमीची चूक. त्याच्याकडे वेळ नसतो, आणि त्याची आवक एखाद-दुसऱ्या मोठ्या ओळखीवर असू शकते, जी तुम्हाला मिळणार नाही. त्याऐवजी चार गोष्टी पाहा. त्याच्या फाइल लॉगिन झाल्यावर, म्हणजे संस्थेत रीतसर दाखल झाल्यावर, किती कमी क्वेरी (त्रुटींबद्दलचे प्रश्न) येतात? चार-पाच वर्षांपूर्वीचे ग्राहक त्याला अजून फोन करतात का? क्रेडिट विभागातली माणसे त्याचा फोन लगेच उचलतात का? आणि तो ग्राहकाला ‘हे कर्ज आत्ता घेऊ नका’ असे म्हणताना तुम्ही कधी ऐकले आहे का? चौथ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर बाकीच्या तीन गोष्टी बहुधा आपोआप जुळलेल्या असतात.

एक मार्गदर्शक पुरत नाही. दुसरा क्रेडिट, कायदेशीर तपासणी किंवा मूल्यांकन यांपैकी एका विभागातला हवा. विक्रीतला माणूस ग्राहक कसा जपायचा ते शिकवतो. फाइल कुठे फुटते, ते मात्र पलीकडच्या टेबलावर बसलेल्यालाच दिसते.

विचारायचे कसे? ‘सर, मला मार्गदर्शन करा’ असे म्हटले की समोरचा ‘हो, हो, कधीही ये’ म्हणतो आणि गोष्ट तिथेच संपते. नेमके मागा: ‘दर मंगळवारी सहा वाजता अर्धा तास, एक फाइल घेऊन येईन, तीन महिने. तुमची वेळ वाया गेली असे वाटले तर मला तसे सांगा.’ वेळ, वारंवारता, मुदत आणि विषय ठरलेले असले की होकार देणे सोपे जाते.

सावधान: जो वरिष्ठ पगाराचा कागद ‘जरा नीट करून घे’ म्हणतो, ग्राहकाकडून कोऱ्या अर्जावर सही घेतो, किंवा सक्ती नसलेला विमा ‘घ्यावाच लागतो’ म्हणून गळ्यात मारतो, त्याच्याकडून काहीही शिकू नका. तो कितीही प्रेमाने वागवत असला तरी. फाइलवर नाव तुमचे लागणार आहे.

टप्पा 4: तो अर्धा तास वापरायचा कसा

रिकाम्या हाताने जाऊ नका. टप्पा 1 मधले खूण केलेले पान किंवा चालू फाइलचा एक पानी गोषवारा न्या. त्यावर शेवटच्या दोन ओळी अशा हव्यात: ‘माझे मत असे आहे, कारण...’ आणि ‘मला इथे शंका आहे.’ उत्तर मागण्याआधी स्वतःचे मत मांडले, तरच मार्गदर्शक तुमचा विचार दुरुस्त करू शकतो. ‘सर, हे होईल का?’ एवढेच विचारलेत तर तुम्हाला ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळेल, आणि पुढच्या आठवड्यात तशाच फाइलवर पुन्हा तिथेच अडाल.

वहीत चार रकाने आखा: तारीख, प्रश्न, मिळालेला सल्ला, पुढे काय झाले. चौथा रकाना जवळपास सगळेच रिकामा ठेवतात, आणि नाती तिथेच सुकतात. ज्याने वेळ दिला त्याला त्याच्या सल्ल्याचे काय झाले ते कळले पाहिजे. पुढच्या भेटीची पहिली पाच मिनिटे त्यासाठीच ठेवा. सल्ला चालला नसेल तर तेही सरळ सांगा. अनुभवी माणसाला राग येत नाही, उलट त्याला तिथून खरी चर्चा सुरू करता येते.

दोन महिन्यांनंतर प्रत्यक्ष भेटींना बसण्याची परवानगी मागा. पहिल्या पाच भेटींत तोंड उघडू नका. ग्राहकाची ओळख करून देताना तुम्ही शिकायला बसला आहात हे सांगून त्याची संमती घेतली जाईल, याची खात्री करा. उत्तरांपेक्षा प्रश्नांचा क्रम टिपा: मार्गदर्शक पैशांबद्दल कधी विचारतो, गप्प कधी बसतो, नवरा-बायकोपैकी जो बोलत नाही त्याला कधी विचारतो. पुढच्या पाच भेटींत बोलायचे तुम्ही आणि गप्प बसायचे त्याने.

टप्पा 5: ग्राहकाची पहिली भेट आणि लॉगिन

पहिल्या भेटीत अर्ज भरून घेऊ नका. आधी विचारा: घर ठरले आहे की शोधताय? विकणाऱ्याला कोणती तारीख दिली आहे? स्वतःची रक्कम आत्ता कुठे ठेवली आहे? येत्या दोन वर्षांत घरात काय बदलणार आहे: बाळंतपण, नोकरी बदल, निवृत्ती, मुलांची फी? आणि सर्वात महत्त्वाचे, पगार तीन महिने थांबला तर हप्ता कशातून जाईल? या शेवटच्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरते. घाईने ती भरून काढू नका. ग्राहक बऱ्याचदा पहिल्यांदाच तो विचार करत असतो.

मग कागदांची यादी द्या, तोंडी नव्हे, लेखी. प्रत्येक कागदापुढे तो का लागतो ते चार शब्दांत लिहा. कारण कळले की लोक योग्य कागद आणतात. नाहीतर ‘उत्पन्नाचा पुरावा’ म्हणून काय काय येईल याचा नेम नसतो.

लॉगिनपूर्वी एवढे तपासा:

- नाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर सारखी आहे का? एका अक्षराचा फरकही आत्ताच मिटवा.
- अर्जातले उत्पन्न, पगारपत्रक आणि खात्यातली जमा, तिन्ही जुळतात का?
- सर्व चालू कर्जे लिहिली आहेत का? जामीन राहिलेलीसुद्धा?
- मालकी हक्काच्या साखळीत कुठे वारसाची सही, कुठे जुन्या कर्जाचा बोजा राहिला आहे का?
- स्वतःच्या रकमेचा माग खात्यात दिसतो का?

कच्ची फाइल ‘टाकून तर ठेवू’ म्हणून लॉगिन करण्याचा मोह महिनाअखेरीस होतोच. टाळा. क्रेडिटवाले तुमचे नाव तुमच्या फाइलवरून ओळखतात, आणि पाच कच्च्या फाइलनंतर सहावी पक्की फाइलही शंकेनेच उघडली जाते.

लॉगिननंतर ग्राहकाला आठवड्यातले दोन ठरावीक वार सांगा, उदाहरणार्थ मंगळवार आणि शुक्रवार, आणि त्या दिवशी काहीही हालचाल नसली तरी फोन करा. ‘आज नवीन काही नाही, मूल्यांकनाचा अहवाल बाकी आहे’ एवढे वाक्यही पुरते. माणसाला उशीर सोसतो, पण आपण विसरले गेलो ही भावना सोसत नाही.

सावधान: ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ हे वाक्य या कामात सर्वात महाग पडते. त्या भरवशावर लोक विसार देऊन बसतात. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत ‘फाइल अमुक टप्प्यावर आहे’ एवढेच म्हणा, आणि मंजुरीपत्रातल्या अटी पूर्ण झाल्याशिवाय वितरण होत नाही, म्हणजे कर्जाची रक्कम दिली जात नाही, हेही त्याच वेळी सांगा.

टप्पा 6: नकार स्वतः कळवा

नकाराचा फोन टाळणे किंवा ‘वरून नाही आले’ म्हणून सुटका करून घेणे, यात पुढच्या कित्येक वर्षांचा ग्राहक जातो. त्याच दिवशी फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: संस्थेच्या नियमांत सांगता येईल तेवढे खरे कारण, ते दूर करायला नेमके काय करायचे, आणि पुन्हा कधी यायचे. ‘हे छोटे कर्ज फेडा, सहा महिने एकही हप्ता चुकू देऊ नका, मग या’ असे. तारीख वहीत लिहा आणि त्या आठवड्यात स्वतः फोन करा. नाकारल्यावर कोणी पुन्हा विचारेल अशी त्या माणसाची अपेक्षाच नसते.

लगेच दुसऱ्या चार ठिकाणी अर्ज करा, असा सल्ला देऊ नका. थोड्या काळात झालेल्या अनेक चौकशा पतअहवालात (कर्जे आणि परतफेडीच्या नोंदीत) दिसतात आणि पुढची फाइल आणखी जड जाते.

टप्पा 7: वितरणानंतरचे काम

बहुतेकांचे काम वितरणाला संपते. लांब टिकणाऱ्यांचे तिथे सुरू होते. वेळापत्रक असे ठेवा:

- पहिल्या हप्त्याच्या सात दिवस आधी: हप्त्याची तारीख, खाते आणि रक्कम कळवा. पहिले काही हप्ते परत जातात ते पुष्कळदा पैशाअभावी नव्हे, तर चुकीच्या खात्यामुळे किंवा तारखेच्या गोंधळामुळे.
- पहिला हप्ता गेल्यावर: तो नीट गेला का विचारा, परतफेडीचा तक्ता मिळाला का पाहा.
- बांधकाम चालू असलेल्या घरासाठी: प्रत्येक टप्प्याच्या वितरणाआधी. पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत फक्त व्याज भरले जात असेल, तर त्यातून मुद्दल कमी होत नाही याची पुन्हा आठवण द्या.
- दर बदलल्यावर: हप्ता वाढला की मुदत वाढली, ते सांगा. हा फोन कोणीच करत नाही. टप्पा 2 मधला 314 महिन्यांचा हिशेब इथे खरा उपयोगी पडतो.
- वर्षातून एकदा: शिल्लक रक्कम, राहिलेली मुदत, आणि जादा भरणा करायचा असेल तर त्याचे नियम.

फोनसाठी ग्राहकाची संमती घ्या, आणि या फोनवर दुसरे काही विकू नका. एकदा जरी विकलेत तरी पुढच्या वेळी तुमचा नंबर पाहून फोन उचलला जाणार नाही.

हप्ता थकू लागल्याची चाहूल लागली तर वसुली विभागाच्या आधी तुम्ही बोला. नोकरी गेली असेल, आजारपण असेल, तर ग्राहकाने पहिला हप्ता चुकण्याआधी लेखी कळवावे म्हणून त्याच्या मागे लागा. तोवर पर्याय जास्त असतात. तीन हप्ते चुकल्यावर तेच पर्याय आकसतात. मात्र सवलत मिळवून देतो, असे वचन देऊ नका. तो निर्णय तुमचा नसतो.

टप्पा 8: आता ओळखी

पहिल्या टप्प्याला जे सगळे करतात ते इथे करा. मालमत्तेचे दलाल, बांधकाम व्यावसायिक, करसल्लागार, वकील यांच्यापैकी मोजक्या पाच-सात जणांशीच नाते ठेवा, आणि त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक फाइलचा निकाल त्यांना कळवा. ग्राहकाचे उत्पन्न किंवा नकाराचे कारण मात्र नाही, ती त्याची खासगी माहिती. फाइल पाठवल्याबद्दल रोख किंवा भेटी देऊ नका, घेऊ नका.

टप्पा 9: कोणाला तरी हाताशी घ्या

तीन-चार वर्षे झाली, थकलेल्या आणि फिटलेल्या दोन्ही प्रकारच्या स्वतःच्या फाइल पाहून झाल्या, की एखाद्या नवख्याला हाताशी घ्या. एका वेळी दोनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर दर मंगळवारचा अर्धा तास आधी वीस मिनिटांवर येतो आणि मग बंद पडतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे त्याची फाइल स्वतःच दुरुस्त करून टाकणे. वेळ वाचतो, शिक्षण होत नाही. चूक कुठल्या पानावर आहे तेवढे सांगा, कोणती ते त्याला शोधू द्या. ग्राहकाचे नुकसान होईल अशी चूक असेल तरच लगेच हात घाला. आणि त्याच्या चुकीमुळे एखाद्या ग्राहकाचा व्यवहार लांबला, तर त्या ग्राहकाला फोन त्यानेच करायचा, तुम्ही शेजारी बसायचे. पहिल्या फोनला त्याचा आवाज कापेल. फोन संपल्यावर त्याला पाणी द्या, आणि वहीत चौथा रकाना भरायला सांगा.